खोपोलीचे वीजघर आणि पहिले महायुद्ध

'पहिल्या महायुद्धाची कारणे व परिणाम लिहा.' हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना घालत आलो आहोत. उत्तरही ठरलेले असते : राष्ट्रांची गटबाजी, वसाहतींसाठी चढाओढ, शस्त्रस्पर्धा, २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत झालेली हत्या आणि शेवटी व्हर्सायचा तह. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते पाठ करणाऱ्या मुलाला हे युद्ध दूर कुठेतरी होऊन गेले, असेच वाटत राहते. म्हणून या वेळी आपण ते खोपोलीहून पाहू.

बोरघाटाच्या पायथ्याचे हे जलविद्युत केंद्र फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झाले. तेव्हा युद्धाला सहा महिने झाले होते. पण केंद्र युद्धामुळे उभे राहिले, असे म्हणता येणार नाही. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० मध्येच स्थापन झाली होती. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांत पावसाचे पाणी साठवायचे, ते नळांतून खाली आणायचे आणि तयार झालेली वीज सुमारे ७० किलोमीटरवरील मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ती योजना होती. एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली आले, की सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. यंत्रांतील घट वजा केली, तरी एका घनमीटरमागे एक युनिट वीज सहज हाती येते.

युद्धाने या विजेचे मोल वाढविले. जहाजे लष्करी कामाला जुंपली गेल्याने कोळशाची वाहतूक अडली. मँचेस्टरचे कापड येणेही कमी होत गेले आणि १९१८-१९ मध्ये ते युद्धापूर्वीच्या निम्म्याहून खाली आले. बाजार मुंबईच्या गिरण्यांना मोकळा झाला. त्यांना चांगला नफा झाला. पण महागाईने कामगार होरपळला. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईतील लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला, त्यामागे ही महागाई होती.

गिरण्यांची विजेची भूक वाढतच होती. युद्ध चालू असतानाच, १९१६ मध्ये, आंध्रा खोऱ्याच्या योजनेसाठी नवी कंपनी निघाली. तिचे कर्जत तालुक्यातील भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. पुढची योजना मुळशीची. या धरणाखाली मावळातील सुपीक भातखाचरे आणि गावे जाणार होती. १९२१ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, पण धरण झालेच. भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले.

साराजेव्होतील गोळीमुळे मुळशी बुडाली, असे कोणी म्हणू नये. गिरण्यांची वाढ युद्धाआधीची होती आणि जमीन घेण्याचा कायदाही जुना होता. युद्धाने एवढेच केले, की आधीच चालू असलेल्या गोष्टींना वेग दिला. रसायनशास्त्रात उत्प्रेरक करतो, तसेच काहीसे हे काम. मात्र एक फरक आहे. उत्प्रेरक स्वतः जसाच्या तसा राहतो. इथे वाढलेल्या वेगाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना युद्ध करावे की नाही, हे कोणी विचारलेही नव्हते.

वर्गात यावर एक काम देता येईल. फळ्यावर दोन रकाने आखावेत : 'युद्धाच्या आधीपासून असलेले' आणि 'युद्धामुळे बदललेले'. कोळसा, कापड, पगार, धरण, वीज या प्रत्येक गोष्टीची जागा मुलांनीच ठरवावी. काही गोष्टी दोन्ही रकान्यांत येतील, त्यावरून वादही होईल. तो होऊ द्यावा. महाराष्ट्रातील काही गावांत १९१४ ते १९१९ च्या युद्धावर गेलेल्यांच्या संख्येची संगमरवरी पाटी आजही दिसते. तशी पाटी जवळपास असेल, तर मुलांना ती दाखवावी. 'परिणाम लिहा' या प्रश्नाचे उत्तर मग पाठ करावे लागणार नाही.