सूर्याच्या आधी भरणारी शाळा

मुलाला झोपेतून उठवून शाळेत धाडणे हा आपल्याकडचा फार जुना उद्योग आहे. 1823 साली बेल्लारीचा कलेक्टर कँबेल याने आपल्या जिल्ह्यातील 533 शाळांची हकीकत सरकारला कळविली. त्यांत 23 मराठी होत्या. शाळा सकाळी सहाला भरे. पहिल्या येणाऱ्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर नुसते पूज्य. तिसऱ्याला हलकीशी छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे एकेक चढती! झोपाळू पोराच्या तळव्याचे काय होत असेल ते वाचकांनीच कल्पावे.

तरी त्या पोराचे सहा आणि सूर्याचे सहा एकच असत. 1906 साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली ती साडेब्याऐंशी रेखांशावरची. जालना पडले शहात्तरच्या जवळ. म्हणून जालन्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे 26 मिनिटे मागे चालतो. पौषात तो उगवतो तेव्हा सात वाजून गेलेले असतात. सातची शाळा असली तर पोर अंधारातच दप्तर पाठीला मारून निघणार.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यांनी 2016 साली सांगितले. दहा तास धरा. सहाला उठायचे तर रात्री आठला डोळा लागला पाहिजे. आठला! तेव्हा कुठे वडील दुकान बंद करून घरी येतात आणि भाकरी तव्यावर पडते. मोबाइलची तर गोष्टच नको.

डिसेंबर 2023 मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी हा प्रश्न बोलून दाखविला, आणि 8 फेब्रुवारी 2024 रोजी शासनाचे परिपत्रक निघाले : चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत. उत्तम झाले. पण पाचवीत गेल्याबरोबर मुलाची झोप एका उन्हाळ्यात आटते की काय? उलट वयात येताना शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते. मुलगा लवकर अंथरुणावर पडला तरी त्याला झोप येत नाही. त्याला आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. घरच्यांनी निजण्यापूर्वी तासभर पडदे बंद ठेवावेत, दिवे मंद करावेत, सकाळी उन्हात न्यावे. बाकीचे शाळेच्या घंटेच्या हाती.

नरकचतुर्दशीला मात्र हीच मुले हाकेसरशी उठतात. अभ्यंगस्नान, फटाके, फराळ आटोपला की पुन्हा आडवी होतात, आणि त्या दिवशी त्यांना कोणी उठवीत नाही.