गोलघुमट

कर्नाटकातील विजापूर (विजयपुरा) येथील प्रसिद्ध कबर-वास्तू. आदिलशाही घराण्यातील सुलतान मुहंमद आदिलशाह (कार. १६२७–५६) याने आपल्या हयातीतच तिचे काम सुरू केले. त्याच्या मृत्यूनंतर गिलावा व सजावटीचे काम अपुरेच राहिले.

काळ्या दगडात बांधलेली ही इमारत बाहेरून घनाकार असून तिची प्रत्येक बाजू सु. ४७ मी. लांब आहे. चारही कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे असून त्यांतील जिन्यांनी वर जाता येते. आतील दालन खांबविरहित, सु. ४१ मी. चौरस आहे. भिंतींलगत उभारलेल्या आठ कमानी एकमेकींना छेदतात. त्यांच्या आंतरछेदांतून वर पुढे आलेल्या त्रिकोणी भागांमुळे चौरसाचे रूपांतर वर्तुळात होऊन घुमटाला आधार मिळतो. हे भाग आतल्या बाजूस झुकलेले असल्याने त्यांचे वजन घुमटाचा बाहेरचा रेटा तोलून धरते. घुमटाचा बाहेरील व्यास सु. ४४ मी., तर आतील सु. ३८ मी. आहे.

घुमटाच्या पायथ्याशी आतून फिरणाऱ्या सज्ज्यात भिंतीशी केलेली कुजबुज समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते व टाळीचे अनेक प्रतिध्वनी उमटतात. दालनातील चौथऱ्यावर सुलतान व कुटुंबीयांच्या प्रतीकात्मक कबरी असून मूळ दफनस्थाने खालच्या तळघरात आहेत. समोरच्या नगारखान्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे.