जाहिरातविरहित संगीतश्रवणाचे मोल : भारतीय नभोवाणीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन (१९२७-१९६७)

प्रस्तावना

संगीत ऐकत असताना मध्येच जाहिरात सुरू होणे हा आजच्या श्रोत्याचा नित्याचा अनुभव आहे. ती टाळावयाची असेल तर मासिक किंवा वार्षिक वर्गणी भरावी लागते. ही परिस्थिती इंटरनेट व मोबाईल यांमुळे निर्माण झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, संगीताचे प्रसारण सुरू झाले त्या दिवसापासून त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न उपस्थित झालेला होता. त्याची तीन उत्तरे पुढे आली. खर्च श्रोत्याने द्यावा, शासनाने द्यावा किंवा माल विकणाऱ्याने द्यावा. प्रस्तुत लेखात १९२७ ते १९६७ या चाळीस वर्षांतील भारतीय नभोवाणीच्या आधारे या तीन उत्तरांचा विचार करावयाचा आहे. जाहिरात नसणे ही गोष्ट कधीच विनामूल्य नव्हती. मात्र किंमत देणाऱ्याच्या हाती निवडीचा अधिकार होता की नाही, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा ठरतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. पूर्वपीठिका : आश्रय, तिकीट आणि ध्वनिमुद्रिका

नभोवाणीपूर्वी संगीताचा खर्च संस्थानिक, धनिक व हौशी मंडळी उचलत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या संस्था उदयास आल्या, तर विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली करण्याचा प्रघात रूढ केला. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेडरिक गेसबर्ग यांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले आणि गौहर जान यांच्यासारख्या गायिकांचा आवाज तबकडीवर आला. तबकडी एकदा विकत घेतली की ती हवी तितक्या वेळा, कोणत्याही व्यत्ययाविना ऐकता येत असे. परंतु तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे संगीत मावे. विलंबित ख्याल त्या चौकटीत बसवताना त्याचा विस्तार गाळावा लागे.

नभोवाणीने ही कालमर्यादा दूर केली. मात्र मैफलीच्या दाराशी जसे तिकीट घेता येते, तसे ते हवेतून येणाऱ्या आवाजासाठी घेता येत नव्हते. ज्याच्याकडे यंत्र आहे तो ऐकणारच. त्यामुळे पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न तीव्र झाला. अमेरिकेत १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका केंद्राने वेळ विकून जाहिरातीचा मार्ग स्वीकारला. ब्रिटनने त्याच सुमारास श्रोत्याकडून परवाना शुल्क घेण्याचा मार्ग पत्करला. भारताने ब्रिटनचा कित्ता गिरवला.

२. परवाना शुल्काचा प्रयोग

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. पुढील महिन्यात कलकत्ता केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क भरावे आणि त्यातील मोठा हिस्सा कंपनीस मिळावा, अशी योजना होती. दहा रुपये ही त्या काळी सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती. शिवाय रेडिओसंच परदेशातून येत असल्याने महाग होते. परवानाधारकांची संख्या काही हजारांपलीकडे गेली नाही आणि परवाना न काढता ऐकणाऱ्यांना आवरणेही कंपनीस जमले नाही. परिणामी मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. सरकारने एप्रिल १९३० पासून प्रसारण आपल्या हाती घेतले आणि १९३६ मध्ये या सेवेस 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

येथे एक बदल घडून आला. परवाना शुल्क चालूच राहिले. टपाल कार्यालयात जाऊन ते भरण्याची पद्धत पुढे अनेक दशके टिकली. परंतु प्रसारण हे आता सरकारी खाते झाले. श्रोता पैसे देत होता, कार्यक्रम मात्र खाते ठरवीत होते. दोहोंमधील दुवा नाहीसा झाला.

३. जाहिरातमुक्त नभोवाणीचे देणे

या व्यवस्थेची जमेची बाजू प्रथम नोंदवली पाहिजे. विक्रीचा विचार करण्याचे कारण नसल्याने ऑल इंडिया रेडिओला वेळेची उधळण करणे शक्य झाले. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि दर आठवड्याला एक दीर्घ मैफल देशभर ऐकू जाऊ लागली. ज्या गावात एखादा नामांकित गवई आयुष्यात कधी पाऊल ठेवणार नव्हता, त्या गावातील शिक्षकाला किंवा कारकुनाला त्याचे गाणे आलापापासून द्रुतापर्यंत अखंड ऐकावयास मिळाले.

मराठी भाषकांच्या दृष्टीने याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'गीतरामायण'. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. तेथील अधिकारी सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर यांची गीते सुधीर फडके यांच्या संगीतासह दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर सादर झाली. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. अनेक कडव्यांची ही गीते तीन मिनिटांच्या तबकडीत मावणारी नव्हती. वर्षभर चालणाऱ्या, एकाच कथासूत्राने बांधलेल्या अशा उपक्रमाला त्या काळी एखादा जाहिरातदार पुढे आला असता, असे म्हणणे कठीण आहे.

४. चित्रपटाचे नाव ही जाहिरात काय ?

याच व्यवस्थेची दुसरी बाजू त्याच वर्षांत प्रकट झाली. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते जाणकार होते आणि चित्रपटसंगीताविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. त्यांच्या कारकिर्दीत चित्रगीतांच्या प्रसारणावर मर्यादा आल्या. याच संदर्भात एक निर्णय घेण्यात आला. गाणे लावताना गायकाचे नाव सांगावे, चित्रपटाचे नाव मात्र सांगू नये, कारण ती चित्रपटाची जाहिरात होते, अशी खात्याची भूमिका होती. निर्मात्यांना हे मान्य नव्हते. त्यांनी प्रसारणास दिलेली परवानगी काढून घेतली आणि नभोवाणीवरून चित्रगीते जवळजवळ नाहीशी झाली.

हा प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. गाणे ज्या कलाकृतीतून आले तिचे नाव सांगणे ही माहिती की जाहिरात, याचे उत्तर सोपे नाही. परंतु ते ठरविताना परवाना शुल्क भरणाऱ्या श्रोत्यास कोणी विचारले नाही. जाहिरातीपासून मुक्त राहण्याच्या आग्रहातून, श्रोत्याला हवे असलेले संगीतच त्याच्यापासून दूर झाले.

५. कोलंबोचा मार्ग

श्रोत्याने आपला कौल रेडिओच्या बटणाने दिला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याच्या आग्नेय आशिया विभागासाठी सिलोनमध्ये उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आले होते. त्यावरून १९५० पासून व्यापारी सेवा सुरू झाली. डिसेंबर १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या दंतमंजनाच्या नावाने 'बिनाका गीतमाला' हा अमीन सायानी यांचा कार्यक्रम आरंभला. हे कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित होत आणि फिती विमानाने कोलंबोस जात. म्हणजे मुंबईत तयार झालेली गाणी, मुंबईतील निवेदक आणि भारतीय श्रोता यांची गाठ समुद्रापलीकडील केंद्रावर पडत होती.

गीतमालेतील गाण्यांचा अनुक्रम ठरविताना तबकड्यांची विक्री व श्रोत्यांची पत्रे यांचा आधार घेतला जाई. गावोगावी श्रोता संघ स्थापन झाले. येथील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या नभोवाणीला श्रोता पैसे देत होता तेथे त्याला आवाज नव्हता, आणि जेथे तो काहीच देत नव्हता तेथे त्याच्या पत्राला मोल होते. अर्थात हे मोल श्रोता म्हणून नव्हे, तर ग्राहक म्हणून होते. ज्या संगीताला मोठा ग्राहकवर्ग नव्हता, त्याला या व्यवस्थेत फारसे स्थान नव्हते.

६. विविध भारती : दहा वर्षांचा मध्यममार्ग

या स्पर्धेतून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली चित्रगीतांना शासकीय नभोवाणीवर पुन्हा सन्मानाने जागा मिळाली. पहिली दहा वर्षे या सेवेवर जाहिराती नव्हत्या. लोकप्रिय संगीत, तेही जाहिरातीविना, असा हा दुर्मीळ कालखंड होता. परवाना शुल्काच्या पैशातून श्रोत्याची आवड जपता येते, हे त्याने सिद्ध केले. चित्रगीते आणि जाहिरात या गोष्टी परस्परांपासून अलग होऊ शकतात, हेही त्यातून दिसले.

परंतु प्रसारणाचा विस्तार होऊ लागला तसा खर्च वाढला. अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ च्या आपल्या अहवालात विविध भारतीवर जाहिराती घेण्याची शिफारस केली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून व्यापारी सेवा सुरू झाली. म्हणजे देशातील या बदलाची पहिली भूमी महाराष्ट्रच ठरली. पुढे परवाना शुल्क रद्द झाले, आणि श्रोता हा प्रसारणाचा दाता उरला नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, जाहिरातविरहित श्रवण ही केवळ तांत्रिक सोय नसून ती अर्थव्यवस्थेची एक निवड आहे. दुसरा असा की, जाहिरातीच्या अभावाने संगीताला वेळ आणि धीर मिळतो. 'गीतरामायण' हे त्याचे प्रमाण होय. तिसरा असा की, निवडीचा अधिकार दात्याकडे नसेल तर जाहिरातमुक्त व्यवस्थाही श्रोत्याला गमावते. १९५२ चा वाद हे त्याचे प्रमाण होय.

आजच्या वर्गणीच्या सेवांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. भारतात २०१९ मध्ये आलेल्या स्पॉटिफायसारख्या सेवांनी विनामूल्य पण जाहिरातीसह आणि सशुल्क पण जाहिरातीविना असे दोन वर्ग केले आहेत. श्रोत्याला निवड मिळाली हे खरे. पण वर्गणी थांबताच व्यत्ययविरहित श्रवणही संपते. तबकडीसारखी मालकी येथे नाही. जो वर्गणी देऊ शकत नाही त्याच्या ख्यालाच्या मध्यावर जाहिरात येते. परवाना शुल्काच्या काळात संच घेऊ शकणाऱ्या प्रत्येकास, तो कारकून असो वा कारखानदार, एकच अखंड मैफल ऐकू येत होती. आकाशवाणीच्या संग्रहातील ध्वनिमुद्रणे ही श्रोत्यांच्या त्या शुल्काच्या आणि करांच्या बळावर उभी राहिलेली ठेव आहे. ती व्यत्ययाविना व सर्वांना परवडेल अशा रीतीने ऐकावयास मिळावी, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही. महाविद्यालयांची ग्रंथालये व संगीत विभाग यांनी ही मागणी आग्रहाने मांडणे अगत्याचे आहे.