1918 चा लेख आणि मजूर खाते

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात 1771 साली खातेदारामागे सरासरी 40 एकर जमीन होती. 1915 पर्यंत ती 7 एकरांवर आली. डॉ. हॅरॉल्ड मान यांच्या पाहणीतले हे आकडे भीमराव आंबेडकरांनी 1918 च्या आपल्या लेखात घेतले आहेत. लेख लहान शेतजमिनींवरचा, अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापलेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले.

असे आकडे पाहिले की तुकडे जोडा, हाच उपाय सुचतो. त्या काळचे अनेक जाणकार तेच सांगत होते. आंबेडकरांना ते पटत नाही. शेत परवडते की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर भांडवल किती, अवजारे किती, राबणारे हात किती, यांचा मेळ पाहावा लागतो. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, आणि तो उद्योगधंद्यांनीच हलका होईल, हे त्यांचे उत्तर. आमच्या सोयगाव तालुक्यात कपाशीच्या वाटण्या झालेल्या शेतांच्या बांधावर उभे राहून हा लेख वाचला, तर तो शंभर वर्षांपूर्वीचा वाटत नाही.

मार्च 1920 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि अपुरे शिक्षण पुरे करायला लंडन गाठले. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध ग्रंथरूपाने आला. पुढची वर्षे चळवळीची.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले, आणि पाणी व वीज यांचे नियोजनही त्यांच्याकडे आले. ऑक्टोबर 1943 मधले त्यांचे विजेवरचे भाषण 1918 च्या लेखाशेजारी ठेवावे. स्वस्त आणि मुबलक वीज हवी, कारण तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत; उद्योग नाहीत तर शेतीवरचा भार हटणार नाही. प्राध्यापकाचाच युक्तिवाद, आता सरकारी धोरण म्हणून. जानेवारी 1945 मध्ये कलकत्त्यात दामोदर खोऱ्याच्या योजनेवर बैठक झाली, तीही याच वाटेवरची. याच कारकिर्दीत युद्धाची निकड सांगून कोळसा खाणींत भूमिगत कामावर बायकांना घेण्याची बंदी उठवली गेली, आणि 1944 मध्ये विधिमंडळात त्यांनी त्या निर्णयाचे समर्थन केले. त्यांच्याविषयी कितीही आदर असला, तरी ही नोंद गाळता येत नाही. 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

स्वतंत्र भारतात त्यांच्याकडे कायदा खाते आले. 10 ऑक्टोबर 1951 च्या राजीनाम्याच्या निवेदनात ते नोंदवतात की आपल्याला नियोजन खाते हवे होते. मुळात अर्थशास्त्राचा अभ्यासक असूनही मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीतून आपल्याला वगळले गेले. देशाचे यात नुकसान झाले, असे मला ही कागदपत्रे वाचून वाटते.

1918 चा लेख महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र साहित्याच्या पहिल्या खंडात आहे, मजूर सदस्य म्हणून केलेली भाषणे दहाव्या खंडात. शेतीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही एकत्र वाचावीत.