मज्जारज्जूतील डोपामीनचा पूर्वेतिहास

भिवंडीच्या कामतघरात, वऱ्हाळादेवीच्या तलावालगतच्या वस्तीत, तुटलेला धागा सांधण्यासाठी यंत्रमागावरचा कारागीर क्षणार्धात वाकतो, तेव्हा त्या गतीचे श्रेय आपण त्याच्या बोटांना, फार तर मेंदूला देतो. परंतु हुकमाची निमूट तामिली करणारा कारकून म्हणून ज्याची दीर्घकाळ बोळवण झाली, त्या मज्जारज्जूलाही तेथे स्वतंत्र अखत्यार असतो, आणि त्या अखत्याराचे नियमन करणाऱ्या द्रव्यांपैकी एक डोपामीन होय.

या ज्ञानाचा एक उगम भिवंडीपासून फार दूर नाही, याचा मला मनःपूर्वक अभिमान वाटतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी निगडित असलेल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेल्या सर्पगंधेचा रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर आलेला अनुभव १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाची दृष्टी त्या मुळीकडे वळली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. पुढे १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी, रेसर्पीनमुळे निश्चेष्ट पडलेले ससे डोपा टोचताच पुन्हा हालचाल करू लागतात, असे दाखविले. आणि हा डोपा म्हणजे ज्यापासून शरीर डोपामीन घडविते ते द्रव्य. आपल्या रानांत पावसाळ्यात माजणाऱ्या, स्पर्शाने अंगाची आग करणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतून ते दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच मिळविले होते.

मज्जारज्जूची पाळी १९६६ साली आली. मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजरांना गोथेनबर्गच्या संशोधकांनी डोपा दिला असता, वेदनेला तत्काळ उत्तर देणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया दबल्या आणि त्यांच्या जागी विलंबाने उमटणारे, दीर्घकाळ टिकणारे स्पंद दिसू लागले. पाय आखडणाऱ्या आणि ताणणाऱ्या स्नायूंच्या चेतापेशी आळीपाळीने जागृत होत होत्या, म्हणजे चालण्याचा आराखडा मज्जारज्जूतच वसत होता. संशोधकांनी ते श्रेय प्रथम डोपामीनपासूनच शरीरात घडणाऱ्या नॉरॲड्रिनलीनला दिले, आणि उपलब्ध पुराव्यावर ते रास्तही होते. मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातून मज्जारज्जूत उतरणारे डोपामीनचे स्वतंत्र तंतू पुढे सापडले, तेव्हा त्या द्रव्याचा स्वतःचा हक्कही शाबीत झाला. डोपामीनचा संदेश टिपणाऱ्या, पेशींवरील ग्राहकांपैकी डी-१ जातीचे ग्राहक सामान्यतः चेतापेशींना उत्तेजित करतात. डी-२ जातीचे ग्राहक पोटॅशियमचे मार्ग खुले करून त्यांना शांत करतात. त्यामुळे मज्जारज्जूच्या मागील भागात वेदनेचा संदेश आवरणारे हेच द्रव्य, पुढील भागात स्नायूंना चाळविणाऱ्या पेशींची तत्परता वाढवू शकते.