परसातलं न्यूयॉर्क

न्यूयॉर्कमधल्या घरांच्या जाहिराती वाचायचा मला नाद आहे. घ्यायची ऐपत नाही, पण वाचायला पैसे पडत नाहीत. त्यात एक वर्णन पुन्हा पुन्हा भेटतं: नूतनीकरण केलेला 'प्रीवॉर ड्युप्लेक्स काँडो', सोबत खासगी बाग. फोटोत विटांची भिंत, एखादं जपानी मेपल, दोन लोखंडी खुर्च्या.

यातलं 'वॉर' म्हणजे दुसरं महायुद्ध. त्याआधीचं बांधकाम म्हणजे जाड भिंती, उंच छत, लाकडी जमीन, असा तिथल्या गिऱ्हाइकांचा विश्वास. पण मागे बाग असलेली ही घरं बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातली, एकमेकांना खेटून बांधलेली रो-हाउसं असतात. काही तर अमेरिकेच्या यादवी युद्धाच्याही आधीची.

मला कुतूहल आहे ते त्या बागेचं. १८११ च्या आराखड्यानं मॅनहॅटन बेटावर सरळ रस्त्यांची जाळी आखली. पुढे २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल हा प्लॉटचा नेहमीचा आकार झाला. या आराखड्यात घरांच्या मागून जाणाऱ्या गल्ल्या ठेवल्याच नाहीत. घर रस्त्याकडच्या बाजूला बांधायचं आणि मागे उरेल ते परस. आपल्याकडे परसात विहीर, धुण्याचा दगड आणि लांबच्या कोपऱ्यात संडास असायचा; तिथंही थोडाफार तसाच कारभार होता. पावसाच्या पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि खड्ड्याचा संडास. मागे गल्ली नाही, म्हणजे मैला उपसणाऱ्यांचा रस्ताही बहुधा घरातूनच. त्यांनी रात्रीच यावं, असा शहराचा दंडक होता. अशा परसात खुर्ची टाकून कॉफी प्यायचं कुणाच्या मनात आलं असेल, असं वाटत नाही.

१४ ऑक्टोबर १८४२ ला शहरानं क्रोटन नदीचं पाणी आल्याचा मोठा उत्सव केला. पण घरात नळ घ्यायला पैसे लागत. श्रीमंतांचे संडास हळूहळू घरात आले. गरिबांच्या चाळवजा इमारतींत परसातले संडास विसाव्या शतकापर्यंत राहिले. ते हटवायला १९०१ चा कायदा लागला. वापरातून गेलेले खड्डे लोकांनी केरकचऱ्यानं बुजवले. १९८० च्या दशकात ग्रीनिच व्हिलेजमध्ये असे खड्डे उकरले, तेव्हा पुरातत्त्वज्ञांना त्यांत फुटक्या बशा-कप मिळाले. कुठलं कुटुंब कशात जेवत होतं, हे त्यावरून कळलं. जाहिरातीतल्या कित्येक बागा अशा खड्ड्यांवरच फुलल्या असणार.

आता ड्युप्लेक्स. बाग हवी तर खालचे दोन मजले घ्यावे लागतात. पूर्वी सगळ्यात खाली, रस्त्यापेक्षा थोडं बुटकं, स्वयंपाकघर असे. तिथं राबणाऱ्या बायका पुष्कळदा आयरिश. वरच्या मजल्यावर मालकांचा दिवाणखाना. जेवण एका जिन्यानं वर जायचं. आज त्याच दोन मजल्यांचं मिळून एक घर होतं आणि मधला जिना शोभेची वस्तू होतो.

या दोन्हींच्या मधला काळ जाहिरातीत कधीच येत नाही. महामंदीत आणि नंतर अशी असंख्य घरं खोल्या-खोल्यांनी भाड्यानं गेली. एका मजल्यावर चार कुटुंबं, सामाईक न्हाणीघर. आपल्या चाळकऱ्यांना हे समजावून सांगायला नको. १९३८ च्या सरकारी नकाशात हार्लेम आणि बेडफर्ड-स्टायव्हसंटवर लाल रंग चढला. काळ्या लोकांची वस्ती, म्हणून कर्ज धोक्याचं. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून किंमत नाही. ती पडलेली किंमत पुढे कुणाच्या तरी पथ्यावर पडलीच.

लेखिका जेन जेकब्स आणि त्यांच्या नवऱ्यानं १९४७ मध्ये हडसन स्ट्रीटवर एक जुनं घर घेतलं, दुरुस्त केलं आणि मागे बाग केली. १९६१ मध्ये शहरानं हाच वेस्ट व्हिलेज झोपडपट्टीसारखा पाडण्याच्या दृष्टीनं हेरला. रहिवासी लढले आणि जिंकले. मला ही लढाई मनापासून आवडते. पण आज तिथली घरं परवडणाऱ्यांत तेव्हाच्या शेजाऱ्यांसारखे गोदी कामगार नाहीत, हेही दिसतं. १९७० च्या दशकात खोल्यांच्या इमारतींचे फ्लॅट करणाऱ्यांना शहरानं करसवलतही दिली. खोल्यांतल्या भाडेकरूंचं सामान रस्त्यावर आलं ते तेव्हा.

'काँडो' हा त्यातला सगळ्यात नवा शब्द. न्यूयॉर्क राज्याचा कायदा १९६४ चा. त्याआधी तिथं आपल्या सोसायटीसारखी शेअरची पद्धत होती, आणि नको असलेल्या माणसाला समिती बाहेर ठेवू शकत असे. महाराष्ट्रात फ्लॅटची थेट मालकी देणारा अपार्टमेंट कायदा १९७० चा.

जाहिरातीतल्या नकाशात पुढच्या दगडी पायऱ्यांखाली एक छोटं दार असतं. नोकर, बर्फवाला आणि किराणा पोचवणारी पोरं यांची ये-जा तिथून व्हायची. आता त्यावर लिहिलेलं असतं: स्वतंत्र प्रवेशद्वार.