बंदिस्त जीव आणि निसर्गाचा प्रकोप

हाटकेशच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या उभ्या आहेत. त्याच अरण्यातील तुळशी तलावातून येणाऱ्या दहिसर नदीने २६ जुलै २००५ रोजी काठच्या वस्त्यांत हाहाकार माजविला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. माणसांनी वरचे मजले गाठले. परंतु मुंबई-ठाण्याच्या गोठ्यांत दाव्याला बांधलेली हजारो जनावरे प्राणास मुकली. मोकळा पशू उंचवट्याकडे धाव घेतो. दावे वा पिंजरा ज्याच्या वाट्याला आला त्याला ती मुभा नसते. म्हणूनच बंदिस्त जीवाच्या रक्षणाचे ऋण त्याला बंदिस्त करणाऱ्याच्या शिरावर राहते.

मुंबईच्या व्यापारी समाजाने हे ऋण फार पूर्वी ओळखले होते. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून शहरात दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. पांजरापोळ निराधार पशूंसाठी, तर प्राणिसंग्रहालय दर्शनासाठी. मात्र आपत्तीच्या वेळी दोन्हींकडील मुक्या जीवांना चारा, स्वच्छ पाणी, औषध आणि सुरक्षित निवारा हेच हवे असते.

प्राणिसंग्रहालयावरील आपत्तीचे बोलके उदाहरण युरोपातील प्राग शहरात घडले. ऑगस्ट २००२ मध्ये व्हल्टावा नदीच्या पुराने तेथील संग्रहालयाचा सखल भाग गिळला. हजाराहून अधिक प्राणी हलविण्यात आले, तरी शंभराहून अधिक दगावले. गॅस्टन नावाचा जलसिंह प्रवाहाबरोबर जर्मनीपर्यंत वाहत गेला; त्याला पकडण्यात आले, पण परतीच्या वाटेवर त्याने प्राण सोडले. २०१३ साली पुन्हा पूर आला. पुन्हा प्राणी हलवावे लागले, परंतु या वेळी जीवितहानी फारच कमी झाली. गोरिलांचे घर मात्र दुसऱ्यांदा पाण्याखाली गेले. अखेर उंच भागात त्यांच्यासाठी नवे घर बांधून २०२२ मध्ये ते खुले करण्यात आले. पहिल्या पुराने शिकविलेला धडा पूर्णपणे अमलात यावयास वीस वर्षे लागली.

आपल्या देशात १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळाने चेन्नईजवळील वंडलूर प्राणिसंग्रहालयातील हजारो वृक्ष उन्मळून पाडले. असे वृक्ष म्हणजे प्राण्यांचे छत्रच. भिंत महिन्यांत बांधता येते. सावली वाढविण्यास वर्षे लागतात.

आपत्तीच्या दिवशी दानाचा ओघ सहज वाहतो. खरी कसोटी पुढे असते. कुंपणाची दुरुस्ती, वृक्षांची लागवड, उंचावरील निवारे आणि सेवकांचे वेतन यांसाठी निधी वर्षानुवर्षे लागतो. मुनीम वर्षअखेरीस जसा खातेवहीचा ताळेबंद जुळवितो, तसाच जीवदयेचा हिशेबही पूर ओसरल्यानंतरच्या वर्षांत मांडला पाहिजे. मुका जीव मागणी करू शकत नाही. म्हणून त्याचे येणे आपणच आठवणीने चुकते करावयाचे असते.